सहा हार्ड डिस्क, आणि भरवशाची प्रत एकही नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. सांगलीत तुमचे डीटीपीचे दुकान आहे. 2003 पासूनच्या लग्नपत्रिका, दिवाळी अंक, स्मरणिका, पुस्तके आणि त्यांच्याच जोडीला घरचे फोटो असे सगळे मिळून सहा एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर पसरले आहे. भरलेली जागा एकूण 5 टीबीच्या आसपास आहे आणि एकच फोल्डर तीन-तीन ठिकाणी सापडतो. एक डिस्क ‘टक् टक्’ आवाज करू लागली, म्हणून तुम्ही 8 टीबीची नवी डिस्क आणली. सगळे तिच्यात ओतून जुन्या डिस्क विकून टाकाव्यात का, असे तुम्ही विचारता.

विकू नका, निदान सहा महिने तरी. आज तुमच्याकडे सहा डिस्क असल्या तरी अमुक एका फाइलची खरी प्रत कोणती, हे तुम्हाला छातीठोकपणे सांगता येत नाही. सगळे एका डिस्कवर ओतल्याने हा गोंधळ मिटणार नाही, तो फक्त एका जागी गोळा होईल, आणि ती एक डिस्क गेली की सगळेच जाईल. प्रत्येक फाइलचे घर एकच असावे आणि इतर ठिकाणी तिच्या केवळ प्रती असाव्यात, एवढे एक ठरवून घेतले की पुढचे बहुतेक निर्णय आपोआप सुटतात.

सर्वांत आधी त्या आवाज करणाऱ्या डिस्कबद्दल. ती काढून बाजूला ठेवा आणि ‘आज चालते का बघू’ म्हणून पुन्हा पुन्हा जोडू नका. चकतीवरील माहिती वाचणारा हात आपली जागा न सापडल्याने परत मागे येतो, त्याचा तो आवाज असतो, आणि प्रत्येक प्रयत्नागणिक चकतीला ओरखडे पडण्याचा धोका वाढतो. ती जोडल्यावर विंडोज ‘दुरुस्ती करू का’ असे विचारते, तेव्हा होकार देऊ नका. ही दुरुस्ती करणारे चेकडिस्क हे साधन फाइलींची मांडणी नीटनेटकी करण्यासाठी आहे. मरणपंथाला लागलेल्या डिस्कवर ते चालवले तर अर्धवट वाचता आल्या असत्या अशा फाइलीही हातच्या जातात. डिस्क नुसतीच मंद झाली असती तर डीडीरेस्क्यू या साधनाने तिची जशीच्या तशी प्रतिमा दुसऱ्या डिस्कवर उतरवून मग त्या प्रतिमेवर काम करा, असे मी सांगितले असते. आवाज येत असेल तर मात्र आत काय आहे याचा अंदाज घ्या, ते दुसरीकडे कुठेच नसेल तर डेटा रिकव्हरीच्या प्रयोगशाळेत द्या, आणि फ्रीजरमध्ये ठेवण्याचा घरगुती इलाज करू नका, कारण बाहेर काढल्यावर आत दव धरते.

उरलेल्या पाच डिस्कना आता क्रमांक द्या. क्रमांकाचा स्टिकर डिस्कच्या अंगावर लावा आणि विंडोजमधील तिचे नावही तेच ठेवा, कारण आज ‘ई’ म्हणून दिसणारी डिस्क उद्या ‘एफ’ म्हणून दिसू शकते. एक साधी शंभर पानी वही घ्या आणि प्रत्येक डिस्कला एक पान द्या: क्षमता, खरेदीची तारीख, आत ढोबळमानाने काय आहे आणि प्रकृती कशी आहे. प्रकृती पाहण्यासाठी क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत साधन पुरेसे आहे; त्यात 05, सी5 आणि सी6 या तीन ओळी पाहाव्यात. बदललेले, बदलण्याच्या रांगेत असलेले आणि वाचताच न आलेले सेक्टर, म्हणजे चकतीवरील माहितीचे छोटे कप्पे, किती, हे त्या सांगतात. तिन्हींसमोर शून्य असेल तर ठीक. सी5 वाढत असेल तर ती डिस्क सर्वांत आधी रिकामी करायला घ्या.

जागेचा हिशेब करताना एक लक्षात ठेवा. कंपनीचा टीबी म्हणजे दहाच्या पटीतील एक लाख कोटी बाइट, तर विंडोज 1024 च्या पटीत मोजते, म्हणून 4 टीबीची डिस्क 3.63 आणि 8 टीबीची 7.27 दिसते. दुकानदाराने फसवले असे समजून भांडायला गेलेले लोक मी पाहिले आहेत.

नव्या डिस्कवर माल आणताना तो लगेच लावायला बसू नका. तिच्यावर ‘आवक’ नावाचा फोल्डर करा, त्यात ‘डिस्क01 मधून’, ‘डिस्क02 मधून’ असे पाच कप्पे करा आणि प्रत्येक डिस्क जशी आहे तशी आपापल्या कप्प्यात उतरवा. नावे बदलणे, जुने काढून टाकणे, ‘हे काय बरं’ म्हणून उघडून बघणे, हे सगळे नंतर. उतरवणे आणि आवरणे ही कामे एकाच बैठकीत केली की काय आले आणि काय राहिले याचा हिशेब लागत नाही. कट-पेस्ट तर अजिबात करू नका, नेहमी कॉपीच करा.

कॉपीसाठी एक्सप्लोररपेक्षा विंडोजमध्येच असलेले, काळ्या खिडकीत आज्ञा टंकून चालवायचे रोबोकॉपी बरे, कारण ते मध्ये थांबले तर राहिलेल्या जागेपासून पुढे चालू करता येते आणि काय झाले त्याची नोंद फाइलमध्ये लिहिते. मात्र त्याच्या दोन खोडी माहीत हव्यात. एखादी फाइल वाचता आली नाही तर ते मुळात दहा लाख वेळा, दर वेळी तीस सेकंद थांबून प्रयत्न करते, म्हणजे एका खराब फाइलपाशी ते अक्षरशः वर्षभर बसून राहील; म्हणून ‘आर’ (किती प्रयत्न) आणि ‘डब्ल्यू’ (किती सेकंद थांबायचे) हे दोन्ही पर्याय 1 वर ठेवा. दुसरी खोड अशी की अख्खी ड्राइव्ह मुळापासून उतरवली तर जिथे उतरवली तो फोल्डर कधीकधी लपलेला होतो आणि रात्रभराचे काम गायब झाल्यासारखे वाटते. ते गायब झालेले नसते. लपलेल्या आणि विंडोजच्या संरक्षित अशा दोन्ही फाइली दाखवण्याचे पर्याय चालू केले की दिसते. काळी खिडकी नको असेल तर टेराकॉपी वापरा आणि त्यातील पडताळणीचा पर्याय चालू ठेवा.

5 टीबी माल सेकंदाला 100 एमबीच्या वेगाने उतरायला साधारण 14 तास लागतात, पण हा आकडा मोठ्या फाइलींचा आहे. फाँट आणि चिटुकल्या चित्रांचे हजारो तुकडे असले तर याच्या दुप्पट-तिप्पट वेळ गृहीत धरा. यूएसबीच्या जुन्या, दुसऱ्या पिढीच्या पोर्टला जोडल्यास 40 तासही लागतील, म्हणून आतली पट्टी निळी असलेले पोर्ट निवडा. एका रात्री एकच डिस्क घ्या, संगणक यूपीएसवर ठेवा आणि झोपी जाण्याची त्याची सोय बंद करा. सकाळी दोन्हीकडच्या फाइलींची संख्या आणि एकूण बाइट जुळवून वहीत लिहा. आकडे जुळले नाहीत तर नोंदीच्या फाइलमध्ये कारण सापडते.

नवी 8 टीबीची डिस्क स्वतंत्र अ‍ॅडॉप्टरवर चालणारी असणार. त्या अ‍ॅडॉप्टरवर आजच ठळक खूण करा. सात-आठ वर्षांपूर्वी माझ्याच टेबलावर लॅपटॉपचा 19 व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर 12 व्होल्टच्या डिस्कला लागला. पिन तंतोतंत बसली, बारीक वास आला आणि दिवा विझला. चूक माझी होती आणि डिस्क एका ग्राहकाची होती. तिची दुसरी प्रत होती म्हणून मी आज हा व्यवसाय करतो आहे. तेव्हापासून माझ्याकडच्या प्रत्येक अ‍ॅडॉप्टरच्या पिनेपाशी आणि त्याच्या डिस्कच्या भोकापाशी एकाच रंगाच्या नेलपॉलिशचा ठिपका असतो.

आता मांडणीकडे येऊ. ‘आवक’च्या शेजारी आधी तीन मोठे फोल्डर करा: कामे, हिशेब आणि घर. कामांना कॅलेंडरचे वर्ष ठेवा, हिशेबाला एप्रिल ते मार्च. दोन्हींना एकच पद्धत लावायला गेलात तर दर मार्चमध्ये डोके धराल. कामाच्या फोल्डरचे नाव तारखेपासून सुरू करा आणि तारीख वर्ष-महिना-दिवस अशीच लिहा, उदाहरणार्थ ‘2019-10-05 दिवाळी अंक मुखपृष्ठ’. नावानुसार लावले की काळानुसार आपोआप लागते. ‘फायनल’, ‘फायनल नवे’, ‘खरे फायनल’ या तिघांऐवजी प्रत 01, 02, 03 असे लिहा आणि छपाईला गेलेल्या प्रतीपुढे ‘छापले’ हा एकच शब्द जोडा.

फाइलींची नावे मराठीत ठेवण्यात आज काही अडचण नाही, फक्त दोन पथ्ये पाळा. अंक कायम एकाच पद्धतीचे ठेवा, कारण 2019 शोधल्यावर २०१९ सापडेल याची खात्री नसते. दुसरे पथ्य जोडाक्षरांचे. ‘वऱ्हाड’ हा शब्द दोन प्रकारे टंकित होतो: एकदा ‘ऱ’ हे वेगळे अक्षर घेऊन, आणि एकदा साधा ‘र’, पायमोडका आणि एक न दिसणारे जोडचिन्ह घेऊन. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकाच्या लेखी ती दोन वेगळी नावे असतात. तुमच्याकडे एकाच ठिकाणी ‘वऱ्हाड’ नावाचे दोन फोल्डर शेजारी शेजारी नांदत असतील तर कारण हेच, आणि दोन्ही उघडून पाहिल्याशिवाय एकही काढू नका. ज्या नावांत असे जोडाक्षर येते, ती सगळ्यांनी एकाच कीबोर्डने टंकित करण्याचा नियम दुकानात करा.

दुबार फाइली काढण्याची तुम्हाला घाई दिसते, आणि नेमकी हीच पायरी डीटीपीवाल्यांचा घात करते. च्कावका (Czkawka) किंवा डूपगुरू यांसारखी साधने नावावर न जाता आतील मजकुराचा ठसा काढून हुबेहूब सारख्या फाइली शोधतात, आणि ते काम ती चोख करतात. पण पेजमेकर किंवा इनडिझाइन या पानमांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये जोडलेले मोठे चित्र सहसा मूळ फाइलच्या पोटात नसते, तिथे फक्त त्याचा पत्ता असतो. एकच गणपती चाळीस पत्रिकांच्या चाळीस फोल्डरमध्ये असेल तर साधन त्यातील एकोणचाळीस दुबार ठरवेल, तुम्ही ते काढाल, आणि एकोणचाळीस पत्रिका पुढच्या वेळी उघडताना ‘चित्र सापडत नाही’ म्हणून अडतील. म्हणून कामाच्या फोल्डरच्या आतील एकेका फाइलीला हात लावू नका. दोन पूर्ण फोल्डर सर्वार्थाने सारखे असतील तरच त्यातला एक काढा. जागा खऱ्या अर्थाने मोकळी होते ती घरच्या फोटोंच्या आणि व्हिडिओंच्या दुबार प्रतींतून. तिथे हे साधन मनसोक्त वापरा. फक्त व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला फोटो आणि कॅमेऱ्यातला मूळ फोटो साधनाला वेगळे वाटतील, कारण व्हॉट्सअ‍ॅप चित्र दाबून लहान करते आणि फोटो काढल्याची तारीखही सहसा पुसते. अशा जोडीत मोठी फाइल ठेवावी.

जुन्या मराठी कामांबद्दल थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण बॅकअपबद्दल सहसा जे सांगितले जाते त्यात हे येत नाही. 2003 ते 2012 या काळातील तुमचा बहुतेक मजकूर श्रीलिपी, शिवाजी किंवा आयएसएमच्या फाँटमध्ये असणार, म्हणजे युनिकोडपूर्व (युनिकोड ही प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी आजची पद्धत). अशा फाइलमध्ये ‘क’ हे अक्षर ‘क’ म्हणून नोंदलेले नसते. इंग्रजीतील कुठल्यातरी चिन्हाच्या जागी ‘क’चे चित्र बसवलेले असते. फाँट हरवला की फाइल शाबूत असूनही वाचता येत नाही, आणि त्या फाइलचा बॅकअप म्हणजे खात्रीने जपून ठेवलेली गिचमिड. म्हणून ‘कामे’च्या शेजारी ‘फाँट’ असा फोल्डर ठेवा, त्यात तुम्ही वापरलेले सगळे फाँट आणि ज्या सॉफ्टवेअरचा परवाना आहे त्याचे इन्स्टॉलर ठेवा, आणि जुनी हार्डवेअर कुलुपे, म्हणजे सॉफ्टवेअर चालण्यासाठी संगणकाला जोडावे लागणारे डोंगल, टाकून देऊ नका. मजकूर शोधण्यासाठी हवा असेल तर युनिकोडमध्ये रूपांतर करून वेगळी फाइल ठेवता येते. रूपांतरात रफार आणि जोडाक्षरे इकडेतिकडे होतात, त्यामुळे मूळ फाइलच्या जागी ती ठेवू नये. ज्या संगणकावर जुने पेजमेकर अजून चालते, तो चालू आहे तोवर प्रत्येक महत्त्वाच्या कामाची फाँट आत बसवलेली पीडीएफ काढून घ्या. नव्या इनडिझाइनमध्ये पेजमेकरच्या फाइली थेट उघडत नाहीत. सीएस6 ही ती सोय असलेली शेवटची आवृत्ती. माझ्या मते तुमच्या सबंध उठाठेवीत हे काम सर्वांत तातडीचे आहे, कारण डिस्क नवी मिळते, पण 2004 सालचा धडधाकट संगणक बाजारात मिळत नाही.

आता प्रतींची व्यवस्था. तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर आणि त्यातील एक दुसऱ्या ठिकाणी, हा नियम जुना आहे आणि त्यात बदल करावा असे मला आजवर वाटलेले नाही. तुमच्या बाबतीत 8 टीबीची नवी डिस्क हे घर होईल. तिच्या जोडीला तेवढीच आणखी एक घ्यावी लागेल. हा खर्च टळणारा नाही, मात्र ती वेगळ्या वेळी किंवा वेगळ्या कंपनीची घ्या, म्हणजे एकाच खेपेतील दोष दोघींत येणार नाही. आवराआवर झाल्यावर माल साधारण 3 टीबीवर आला तर तिसरी प्रत तुमच्या सध्याच्या 4 टीबीच्या डिस्कवर मावेल, अर्थात तिच्या त्या तीन ओळींत शून्य असेल तर. ही तिसरी प्रत परगावी ठेवायची. ऑगस्ट 2019 मध्ये आणि पुन्हा जुलै 2021 मध्ये कृष्णेचे पाणी सांगलीच्या बाजारपेठेत कसे शिरले, ते मी तुम्हाला सांगण्याची गरज नाही. दुकानाचा माळा किंवा त्याच गल्लीतील घर याला दुसरे ठिकाण म्हणता येणार नाही. बहिणीचे घर विट्याला किंवा पुण्याला असेल तर तिथे ठेवा आणि दर तीन-चार महिन्यांनी जाल तेव्हा ताजी डिस्क देऊन जुनी घेऊन या. अशा अदलाबदलीसाठी कालांतराने दोन डिस्क लागतील.

तिन्ही डिस्क विंडोजपुरत्याच असल्याने एनटीएफएस पद्धतीने फॉरमॅट करा. एक्सफॅट मॅकवरही चालते हे खरे, पण त्यात बदलांची रोजनिशी ठेवली जात नाही, त्यामुळे लिहिता लिहिता वीज गेली किंवा केबल हिसकली तर नुकसान जास्त होते. व्हिडिओवाल्या मित्राशी देवाणघेवाण करायला एक छोटी डिस्क एक्सफॅटमध्ये वेगळी ठेवा.

घर असलेली डिस्क आणि तिची जोडीदार, म्हणजे दुसरी 8 टीबीची डिस्क, यांची आठवड्यातून एकदा गाठ घालून द्या, त्यासाठी फ्रीफाइलसिंक हे साधन चांगले आहे. रोबोकॉपीचा हुबेहूब प्रतिबिंब ठेवणारा पर्यायही लोक वापरतात, पण त्यात मूळ जागी जे नाही ते प्रतीतूनही पुसले जाते, आणि ड्राइव्हचे अक्षर चुकून उलटसुलट झाले तर रिकाम्या डिस्कचे प्रतिबिंब भरलेल्या डिस्कवर उमटते. हा प्रकार मी ग्राहकांकडे दोनदा निस्तरला आहे. फ्रीफाइलसिंकमध्ये पुसलेल्या आणि बदललेल्या फाइली वेगळ्या फोल्डरमध्ये तारखेसह ठेवण्याची सोय आहे, ती चालू करा आणि सहा महिन्यांपेक्षा जुने तेवढे काढत जा. बिघडलेली फाइलही प्रतिबिंबात इमानेइतबारे बिघडलेलीच उतरते, त्यामुळे जुनी आवृत्ती हाताशी असणे हाच त्यावर उपाय आहे. काम झाले की जोडीदार डिस्क काढून कपाटात ठेवा. मे 2017 मध्ये वॉनाक्राय जगभर पसरला, तेव्हा खंडणीखोर सॉफ्टवेअर जोडलेल्या डिस्कवरच्या फाइलीही कुलूपबंद करते हे बऱ्याच जणांना पहिल्यांदा कळले. कपाटातल्या डिस्कपर्यंत ते पोहोचत नाही.

क्लाउडबद्दलही तुम्ही विचारले आहे. 3 टीबी माल 20 एमबीपीएसच्या अपलोडने चढवायला अखंड 14 दिवस लागतात, म्हणून सगळे तिथे नेण्याच्या फंदात पडू नका. हिशेब, फाँट, छापलेल्या पीडीएफ आणि निवडक फोटो असे शे-दोनशे जीबी तिथे जरूर ठेवा. फक्त गूगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्हचा समक्रमित फोल्डर म्हणजे बॅकअप असे मानू नका, कारण इथे पुसले की थोड्या वेळाने तिथेही पुसले जाते आणि कचरापेटीतली मुदत संपली की विषय संपतो. दोन डिस्कवर एकाच वेळी तेच लिहिणाऱ्या ‘रेड’ या रचनेबद्दल एवढेच सांगतो की एक डिस्क मेली तरी काम थांबू नये यासाठी तो आहे. चुकून पुसलेले तो परत देत नाही. एसएसडी रोजच्या कामाला उत्तम, पण वीज न देता वर्षानुवर्षे कपाटात ठेवायची प्रत तिच्यावर ठेवू नये.

दर सहा महिन्यांनी तिसऱ्या प्रतीतून कोणतीही तीन कामे निवडून ती दुसऱ्याच संगणकावर उघडून पाहा: एक जुने पेजमेकरचे, एक अलीकडचे आणि एक व्हिडिओ. पहिल्या खेपेला निदान एक काम उघडणार नाही, असा माझा अनुभव आहे, आणि कारण बहुधा फाँटचेच असते.

शेवटी जुन्या डिस्क विकण्याबद्दल. डीटीपीच्या दुकानातील डिस्कवर लोकांची आधार कार्डे, पॅन कार्डे, सातबारे आणि गुणपत्रिका पडून असतात. प्रिंट देऊन झाल्यावर त्या फाइली ठेवण्याचे तुम्हाला काही कारण नाही; ‘आवक’ आवरताना त्या वेगळ्या काढून पुसा, त्यांचा बॅकअप घेऊ नका. परगावी जाणारी डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद करा. विंडोजच्या होम आवृत्तीत ती सोय नसल्याने तिथे व्हेराक्रिप्ट वापरावे लागेल. बिटलॉकरची 48 अंकी किल्ली कागदावर लिहून वहीत न ठेवता घरच्या कागदपत्रांत ठेवा. विकायच्या डिस्कला झटपट फॉरमॅट पुरत नाही, त्याने फक्त अनुक्रमणिका जाते. झटपटची खूण काढून पूर्ण फॉरमॅट करा, म्हणजे सगळीकडे शून्ये लिहिली जातात. आवाज करणारी डिस्क मात्र, तिच्यातला माल मिळाला किंवा सोडून दिला की, कोणालाही देऊ नका, ती फोडा. पॅन्टच्या खिशात मावणाऱ्या लहान डिस्कच्या चकत्या बहुधा काचेच्या असतात आणि हातोडी बसताच त्यांचा चुरा उडतो, म्हणून आधी ती जाड गोणपाटात गुंडाळा आणि डोळ्यांवर चष्मा लावा.